मागच्या फळीवरचे गणपती

१

"मोडलेलं काय ते सगळेच बघतात, बाई. तुम्ही आधी न मोडलेलं बघा."

करंदीकरसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा राजलक्ष्मीबाई विमा कंपनीत नव्या होत्या आणि नुकसानीची पाहणी करायला एका जळक्या गोदामापुढे भांबावून उभ्या होत्या. साहेब आता नाहीत. बाईही निवृत्त होऊन सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये पूजाअर्चेत आणि नेमधर्मात रमल्या आहेत. पण कुठे काही फुटलेलं दिसलं, की तो घोगरा आवाज अजून कानाशी येतो.

त्या सकाळी तो सारसोळ्यात आला. पंढरीदादांच्या गणपतीच्या कारखान्याच्या दारात.

नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. आपली मूर्ती कुठवर आली ते बघायला बाई दरवर्षी याच सुमाराला येत. पत्र्याच्या शेडवर जुनी पाटी होती, 'येथे फक्त शाडूच्या मूर्ती मिळतील'. त्या पाटीच्या विश्वासावर वाशीपासून माणसं इथे येत. आज पाटीखाली घोळका जमला होता आणि मोतीबिंदूनं नजर अधू झालेले पंढरीदादा खुर्चीत, गुडघ्यांवर पालथे हात टाकून बसले होते.

"राजूताई," ते मान वर न करता म्हणाले, "कोनीतरी माझे देव फोडले हो."

"कधी?"

"काल. आख्खा गाव मिरवनुकीत होता. ब्यांजोच्या आवाजात काय ऐकू येनार? नारळ सोडून परत आलो तं मागच्या फळीवरचे सारे आडवे."

शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा दिपेश मोबाइल खिशात टाकत म्हणाला, "टेन्शन घेऊ नका पप्पा. माणूस सापडलाय. चौकीत बसवलाय त्याला."

"कोणाला?" बाईंनी विचारलं.

"निशांतला."

बाईंच्या हातातली जास्वंदीची फुलं तशीच राहिली. निशांत म्हणजे या कारखान्यातला डोळे आखणारा कारागीर. मूर्तीचं सगळं काम झालं की शेवटी तो बसायचा आणि एका श्वासात बुबुळ रेखायचा. 'डोळे उघडणं' म्हणतात त्याला. गेल्या कितीतरी वर्षांत बाईंच्या घरच्या प्रत्येक गणपतीनं त्याच्याच हातून पहिल्यांदा जग पाहिलं होतं.

"ताई," पंढरीदादा म्हणाले, "तुमी जळलं-मोडलं बघायची नोकरी केलीत ना? एकदा आत बघा. तो पोर असं करेल, माझं मन नाय मानत."

२

शेडमध्ये ओल्या मातीचा आणि रंगाचा वास होता. मागच्या भिंतीची फळी रिकामी होती. जमीन झाडून लख्ख केलेली.

"तुकडे कुठे आहेत?"

"डंपिंगला पाठवले," दिपेश म्हणाला. "पप्पांना बीपी आहे. म्हटलं, परत परत बघायला नको."

"पोलिसांनी बघितले?"

"ते आले तोवर टेम्पो गेला होता." त्यानं घड्याळ पाहिलं. "मावशी, यात बघण्यासारखं काय आहे? डोळे झालेल्या मूर्ती सगळ्या शाबूत. ज्यांचे डोळे व्हायचे होते तेवढ्याच फुटल्या. स्वतः केलेलं काम वाचवलं त्यानं. सरळ आहे."

सरळ दिसत होतं खरं. बाई मात्र साहेबांचं ऐकून न मोडलेल्यांकडे वळल्या.

रंगवलेल्या मूर्ती उजव्या भिंतीशी दाटीनं उभ्या होत्या. पण त्यांची रोजची जागा ही नव्हती. मागच्या फळीपुढच्या लाकडी मांडणीवर त्यांच्या बैठकींचे गोल ठसे धुळीत उमटलेले होते. मागच्या फळीपर्यंत पोचायला त्या कोणीतरी एकेक करून बाजूला केल्या होत्या. इतक्या अलगद, की एकाही सोंडेचं टोक उडालं नव्हतं.

बाई वाकल्या. पहिल्या मूर्तीच्या मांडीवर तांदळाचे चार दाणे होते. लालसर. दुसरीच्या मांडीवरही. तिसरीच्याही.

कुंकू लावलेल्या अक्षता.

"उंदीर आणत असतील," दिपेश मागून म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या. उंदीर कुंकू लावून तांदूळ वाहत नाहीत, हे त्या बोलल्या नाहीत. यंदाच्या चातुर्मासात त्यांनी नेम धरला होता, कुणाविषयी वाईट बोलायचं नाही. उंदराविषयी बोलायला हरकत नव्हती, पण उंदरावर थांबता आलं नसतं.

३

चौकीतले उपनिरीक्षक शिवतेज वयानं तरुण होते, बाईंना बघून उठून उभे राहिले.

"जाणूनबुजून मालमत्तेची नासधूस, मॅडम. वर भावना दुखावण्याचा मामला. सणाच्या तोंडावर आम्हाला गप्प बसता येत नाही. त्याचं आणि दिपेशचं परवा भांडण झालेलं, सगळ्या आळीनं ऐकलंय. 'या ठेवल्यास तर फोडून टाकेन' असं हा ओरडला. आणि काल मिरवणुकीच्या वेळी कुठे होता, तर म्हणे वाशीला ब्रश आणायला. पावती नाही, साक्षीदार नाही. संध्याकाळपर्यंत काही वेगळं समोर आलं नाही, तर मला अटक दाखवावी लागेल."

निशांत बाकावर बसला होता. नखांत निळा रंग.

"निशांत, असं म्हणाला होतास?"

"म्हणालो, मावशी."

"का?"

त्यानं मान दुसरीकडे वळवली.

"अरे, तुझं नाव यात एकदा आलं की कोण तुला देवाच्या डोळ्यांना हात लावू देणार आहे? पुढच्या वर्षी कुठला कारखाना तुला उभं करील?"

"ते कळतंय मला." त्यानं नखातला रंग खरवडला. "पण मला विचारू नका. दादांच्या घरात मी दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून जेवतोय. सुमित्राकाकीनं मला कधी वेगळं ताट वाढलं नाही. दादांच्या छातीचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. मी तोंड उघडलं तर ते उठायचे नाहीत."

"म्हणजे तुला माहीत आहे कोणी फोडल्या?"

"नाही. शप्पथ नाही." त्यानं पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "का फोडल्या असतील, ते ठाऊक आहे."

४

बाईंनी उठता उठता एकच विचारलं. "रंगवलेली मूर्ती बाजूला ठेवायची असली, तर तू कशी उचलतोस?"

"कशी म्हणजे? खाली हात घालतो आणि उचलतो. दिवसातून पन्नासदा."

"नमस्कार वगैरे?"

तो एवढ्यातही हसला. "मावशी, डोळा बिघडला तर मी पॉलिश पेपरनं घासून काढतो. नमस्कार करत बसलो तर गणपती दिवाळीला घरी जातील."

चौकीतून बाई नेरुळच्या रस्त्यावर बंडूच्या मंडपाशी गेल्या. बंडू प्लास्टरच्या तयार मूर्ती विकायचा. 'विसर्जनाला खाडी गाळानं भरून टाकतोस तू,' म्हणून पंढरीदादांनी भर ग्रामसभेत त्याची खरडपट्टी काढली होती. ते तो विसरला असेल असं गावात कोणालाच वाटत नव्हतं.

"आलात? मला वाटलंच, माझ्याकडे कोणीतरी येणार." बंडूनं स्टूल पुसून पुढे केलं. "मी काल दिवसभर इथे होतो. गिऱ्हाईक होतं. हवं तर त्यांना विचारा."

"मी कुठे काय म्हटलं? वाईट वाटलं असेल ना तुम्हाला?"

"वाईट? पंढरीदादा मला चारचौघांत बोलला. तरी खरं सांगू, त्याचं नुकसान म्हणजे…" तो थांबला. जिभेवर आलेलं गिळलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसला. "बाई, तुम्ही सगळे विचारत फिरताय, कोणी फोडलं. आधी काय फुटलं ते विचारा की."

"काय फुटलं?"

"ज्याचा माल त्याला विचारा." आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला.

५

पंढरीदादांच्या घरी सून स्नेहल भाजी निवडत होती. सासूबाई सुमित्राबाई आत देवघरात होत्या, दारातून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. जप चालू असावा.

"सकाळपास्नं तिथंच हायेत," स्नेहल हळू आवाजात म्हणाली. "काल रात्री जेवल्या नाहीत, आज चहा नाही. निशांतला न्यायला पोलीस आले तेव्हा तर भिंतीला धरून खाली बसल्या."

"तू तुकडे बघितलेस का गं?"

"दारातनं. ह्यांनी मला आत येऊच दिलं नाही. एकटेच गोणीत भरत होते. 'तू जा, तू जा' करत." ती थांबली, मेथीची काडी हातात तशीच. "मावशी, एक सांगू? तेवढ्यात मी शोधत होते, बाप्पाचं तोंड दिसलं तर पाया पडावं म्हणून. पोटं होती, हात होते, उंदीर होते. तोंड एकाचंही नव्हतं."

बाई पुढे झुकल्या. "नीट आठव."

"आठवतंय ना. एकाचंही नाही."

कोण चोर मूर्तीची मुंडकी तेवढी घेऊन जातो? आणि नेतो कुठे?

"काल मिरवणुकीत तुम्ही दोघी बरोबर होतात?" बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"निघाले मी एकटी. आई म्हणाल्या, गुडघे दुखतात, मागनं येते. देवळापाशी गाठलं आम्हाला. डोक्यावर ही मोठी टोपली, वरून सोवळ्याचं फडकं. मी म्हटलं द्या इकडं, एवढे नारळ कशाला आणलेत. देईनात. खाडीपर्यंत त्यांनीच नेली."

देवघरातला जप थांबला होता.

६

बाई जेट्टीवर पोचल्या तेव्हा ओहोटी होती. काल भरतीच्या वेळी इथे पाणी काठाला लागलं होतं, आज होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. फुलांच्या माळा, नारळाच्या शेंड्या, कागदी झेंडे.

एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. "पाय घसरंल गो बाय. काय शोधतंस?"

"देव शोधते, काका."

"मंग देवलात जा," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला.

बाईंनी पदर खोचला आणि खालच्या पायरीपर्यंत उतरल्या. पायरीच्या कपारीत, शेवाळाला अडकून, एक मुठीएवढं राखट तोंड वर बघत होतं. सोंड डावीकडे. डोळ्यांच्या जागी कोरी गोलाई. थोडं पलीकडे चिखलात आणखी एक. आणि एक.

शाडूचं तोंड एव्हाना चिखलात चिखल होऊन गेलं असतं. शाडू काही तासही पाण्यात तग धरत नाही. म्हणून तर बाई घरच्या घरी बादलीत विसर्जन करत आणि ती माती तुळशीला घालत.

त्यांनी ते तोंड उचललं. पायरीच्या कडेवर ठेवून त्यावर नखानं ओरखडा काढला. वरचा उरलासुरला राखी लेप निघाला आणि आतून पांढरं, कठीण, चुन्यासारखं काहीतरी दिसलं.

प्लास्टर.

बाई त्या ओल्या पायरीवरच बसल्या. आता एकेक गोष्ट आपापल्या जागी येत होती. शाडूच्या कारखान्यात प्लास्टरच्या मूर्ती, वरून मातीचा हात फिरवलेल्या. पंढरीदादांना मोतीबिंदू, त्यांना कळणार नाही. पण निशांतला कळलं. ब्रश टेकवताच कळलं असणार. म्हणून त्यानं डोळे उघडायला नकार दिला, म्हणून त्या मूर्ती कोऱ्या राहिल्या, आणि म्हणूनच नेमक्या कोऱ्या मूर्ती फुटल्या. तो आपलं काम वाचवत नव्हता. फोडणाऱ्यालाही डोळ्यांचं काही नव्हतं. फोडणाऱ्याला खोटं तेवढंच फोडायचं होतं.

बंडूला हे गुपित माहीत होतं, कारण माल त्याच्याकडूनच आलेला असणार. स्वतःचा खपलेला माल तो फोडणार नाही. दिपेशनं मूर्ती आणल्या, त्यानं फोडायचं कारणच नाही. त्यानं फक्त तुकडे घाईनं लपवले. आणि निशांतला चौकीत बसवलं, म्हणजे उद्या तो काही बोलला तरी चोराचं बोलणं कोण खरं मानणार? उरला तो हात, ज्यानं रंगवलेल्या मूर्ती हलवण्याआधी प्रत्येकीला अक्षता वाहिल्या. कारागीर असं करत नाही. त्याच्या दृष्टीनं ती अजून माती असते. देव्हाऱ्यातला गणपती विसर्जनाला हलवताना अक्षता वाहून त्याची परवानगी घ्यायची, एवढंच ज्याला ठाऊक आहे, असा तो हात होता. आणि त्याच हातानं काल सोवळ्याच्या फडक्याखालची टोपली कोणाला न देता खाडीपर्यंत नेली होती.

फोडलं खरं, पण तोंडं उकिरड्यावर टाकवली नाहीत.

बाईंनी ते तोंड रुमालात गुंडाळलं. उन्हं कलू लागली होती. आणि निशांतकडे संध्याकाळपर्यंतचीच वेळ होती.

७

"वहिनी, आत येऊ?"

सुमित्राबाई पाटावर तशाच बसून होत्या. बाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि रुमाल उलगडला.

"हे पाण्यात विरघळलं नाही."

सुमित्राबाईंनी बघितलं. दोन्ही हातांनी ते उचललं, कपाळाला लावलं, आणि मग त्यांचा चेहरा गोळा झाला.

"म्हायती होतं मला, नाय विरघळनार," त्या म्हणाल्या. "पन कचऱ्यात कसं टाकू, ताई? डोलं नसले म्हनून काय, रूप तं त्याचंच ना."

बाईंनी रिकामा रुमाल मांडीवर ठेवला. काही विचारावं लागलंच नाही.

"त्या दोघांचं भांडन मी भिंतीआडून ऐकलं. निशांत बोलला, 'दिपेशदादा, हे शाडू नाय, मी डोलं उघडनार नाय.' मंग मी दिपेशला गाठलं. म्हटलं, परत धाड. तो हसला. 'आई, हात कमी पडतात, बुकिंग घेऊन बसलोय. कोनाला कळतंय?' कोनाला कळतंय म्हनं! लोकं बादलीत देव सोडतात आनि हात जोडून बसतात, कधी विरघळतो म्हनून. त्यांच्या घरात तो तसाच बसला असता. आमच्या नावाचा."

"दादांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तं पोराला घराबाहेर काढला असता. नाय तं स्वतः अंथरून धरलं असतं." त्यांनी डोळे पुसले. "मिरवनूक निघाली. म्हटलं, आज फुटलं तं कोनी दारुडा म्हनतील, विसरतील. पुढच्या मूर्ती हलवल्या. प्रत्येकाला सांगितलं, बाबा, जरा बाजूला हो, तुझ्यावर राग नाय. आनि मुसळ घेतलं." त्या थांबल्या. "निशांतचं नाव येईल हे डोक्यातच नाय आलं, ताई. देवाशपथ. काल त्याला नेला तवा तोंड उघडलं, पन आवाजच फुटेना. पोरगा की पोरासारखा, कोनाला बुडवू?"

बाहेर स्नेहलच्या हातातलं भांडं पडलं. कोणी उचललं नाही.

बाईंनी रुमालाची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाल्या, "वहिनी, माझा एक नेम आहे. मी कुणाविषयी वाईट बोलत नाही. चौकीत जाऊन मी तुमचं नाव घेणार नाही, दिपेशचंही नाही. पण निशांतही बोलत नाहीये. तुमच्या घरासाठी गप्प बसलाय. तिघांनी गप्प बसून त्याचं काय होईल, ते तुम्हीच बघा."

सुमित्राबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. ते प्लास्टरचं तोंड त्यांनी ताम्हनात ठेवलं.

"दिवे लागायच्या आत मी चौकीत आसन," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडानं सांगन. तुमच्याम्होरं वचन देते. पन आधी ह्यांना सांगू द्या."

८

पंढरीदादा अजून शेडच्या दारातच होते. सुमित्राबाई समोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, पोराचं नाव न वगळता. दिपेश मोटरसायकलजवळ उभा होता. तो एकदा "आई" म्हणाला.

बाई दूर पिंपरणीखाली थांबल्या. म्हाताऱ्याच्या छातीकडे त्यांचं लक्ष होतं. निशांत ज्याला घाबरला होता, सुमित्राबाई ज्याला घाबरल्या होत्या, ते आता घडणार होतं.

पंढरीदादांनी हात पुढे केला. चाचपडत बायकोचा उजवा हात शोधला आणि उलटा करून डोळ्यांजवळ नेला. तळव्याला मुसळानं आलेले फोड होते. त्यांनी ते अंगठ्यानं हळूच दाबून बघितले.

"एकटीनं केलंस?"

"हो."

"मला हाक मारायची होतीस. दोघांनी मिलून फोडलं असतं."

मग त्यांनी मान वळवली. दिपेश त्यांना धूसर दिसत असावा, पण नजर बरोबर त्याच्यावर गेली. आपल्या हातानं खुर्ची शेडच्या आत ओढली आणि पाठमोरे बसले.

दिपेशनं मोटरसायकलची किल्ली काढली. "आई, बस मागे. मी सोडतो."

"नको," सुमित्राबाई म्हणाल्या. "तू येशील तवा तुझ्या पायानं ये. आनि काय सांगायचं ते ठरवून ये."

स्नेहलनं चपला आणून पुढे ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, डोक्यावरून पदर घेतला. बाई बरोबर निघणार तेवढ्यात त्यांनी हातानंच थांबवलं. मग गुडघ्यावर एक हात टेकत, घाई न करता, सुमित्राबाई चौकीच्या रस्त्याला लागल्या.